गिझरची कॉइल बदलायची? आधी ही तयारी

पाणी तापत नाही म्हटलं की बहुतेक घरांत एकच निदान होतं: कॉइल उडाली. दर वेळी तसं नसतं, म्हणून दुकान गाठण्याआधी लक्षणं नीट बघून घ्या. हीटिंगचा दिवा लागतोय पण पाणी थंडगार, तर कॉइलवर संशय घ्यायला जागा आहे. वीज येतेय पण तो दिवाच लागत नाही, तर आधी थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की कॉइलची वीज तोडणारा भाग) आणि कटआउट (पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) तपासायचे. कटआउटवर बारीक बटण असतं. कधी कधी तेवढं दाबून काम भागतं (पण पुन्हा पुन्हा उडत असेल तर दाबत बसू नका, थर्मोस्टॅट गेलेला असू शकतो). नळातून वाफ येत असेल तर थर्मोस्टॅट चिकटलाय. गिझर लावल्यावर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पडत असेल तर कॉइलचं आवरण फुटून करंट बॉडीत उतरत असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर त्या बाथरूममध्ये कुणीही गिझर लावून आंघोळ करायची नाही. टाकीच गळत असेल तर पार्टवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

हे सगळं १५-२५ लिटरच्या विजेच्या गिझरबद्दल. गॅस गिझर घरी उघडूच नका.

वॉरंटी कार्ड शोधा. टाकी आणि कॉइल यांची मुदत बहुधा वेगवेगळी असते आणि आपण हात लावला की कंपनी हात वर करू शकते. मुदत संपली असेल तर बॉडीवरच्या लेबलचा फोटो काढा: मॉडेल, लिटर, वॅट.

आता वीज. नुसता स्विच नको, बोर्डावरचा एमसीबी (ती लाइन तोडणारा खटका) खाली पाडा आणि प्लग काढून ठेवा. घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणून एमसीबी वर करायचं. खालचं झाकण उघडल्यावर टेस्टर लावून खात्री करा, मग वायरींचा फोटो काढा, मगच त्या सोडवा. मल्टिमीटर असेल तर कॉइलच्या दोन टोकांत ओहम मोजा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओहम यायला हवेत, ३००० वॅटला १८ च्या आसपास. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉइल तुटली. टोक आणि बॉडी यांच्यात रीडिंग आलं तर कॉइलमधून करंट गळतोय. ते नाही आलं म्हणून कॉइल निर्दोष असं मात्र समजू नका. बारीक गळती साध्या मीटरला सापडत नाही, त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो.

पाणी गार होऊ द्या. गिझरकडे येणारा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, खाली बादली ठेवा आणि थंड पाण्याचा पाइप सोडा. नळ उघडा नसेल तर आत हवा शिरत नाही आणि पाणी अडून बसतं. कॉइलचे बोल्ट काढताना उरलंसुरलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येणारच, सोबत क्षारांची पांढरी पापडीही.

जुनी कॉइल हातात घेऊनच दुकानात जा. बोल्टची भोकं, लांबी, वॅट, सगळं जुळायला हवं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तांब्याऐवजी इन्कोलॉयची (गंजाला टिकणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूची) कॉइल मागा, थोडे पैसे जास्त गेले तरी. गॅस्केट (कॉइल आणि टाकी यांच्यामधलं रबरी सील) नवंच घ्या. जुनं चांगलं दिसतंय म्हणून तेच बसवणं ही फुकटची काटकसर. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड झिजून आतली तार दिसत असेल तर तोही याच खेपेत. पाना, पक्कड, टेफ्लॉन टेप आणि एक जुनं फडकं जवळ असू द्या.

बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. अर्थिंगची वायर विसरू नका. वीज लावण्याआधी कॉक उघडून गरम नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरा, कारण कोरडी तापली तर नवी कॉइल तिथेच संपली. गॅस्केटभोवती कोरडा कागद फिरवा, एकदा थंड असताना आणि पाणी तापल्यावर एमसीबी पाडून पुन्हा एकदा. कागद ओला झाला तर बोल्ट आणखी थोडे आवळून बघा. तरीही थेंब थांबला नाही तर टाकी रिकामी करून गॅस्केट परत बसवायचं.