इंग्रजी वाक्य सोडवताना आधी क्रियापद गाठा

खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून एसएसएलसी (दहावी) करून बेळगावात इंग्रजी घेऊन बीए करायला येणाऱ्या मुलांसाठी हे लिहितो आहे. मी त्याच वाटेने आलो आणि आता त्याच वर्गांना शिकवतो. पहिल्या सत्रात वाक्याचे घटक समोर येतात: सब्जेक्ट (कर्ता), व्हर्ब (क्रियापद), ऑब्जेक्ट (कर्म), कॉम्प्लिमेंट (कर्ता किंवा कर्म कोण वा कसं आहे ते सांगणारं पूरक), अ‍ॅडव्हर्बियल (कुठे, कधी, कसं ते सांगणारा भाग). नावं पाठ होतात, वाक्य मात्र सुटत नाही, म्हणजे त्यातला कुठला भाग कोणता घटक ते ओळखता येत नाही.

याचं मूळ आपल्या घरातल्या आणि बाजारातल्या, दोन्ही भाषांत आहे. ‘रामाने रावणाला मारलं’ किंवा ‘रावणाला रामाने मारलं’, अर्थ तोच. कन्नडमध्येही ‘रामनु रावणनन्नु कोंदनु’ म्हणा नाहीतर ‘रावणनन्नु रामनु कोंदनु’ म्हणा, मरतो रावणच. कोण काय करतो हे आपल्याकडे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत, तिथे जागा बोलते. ‘राम किल्ड रावण’मधली नावं उलटी केली की रामायणच उलटतं. म्हणून शब्दाला लागलेल्या ‘ने’, ‘ला’वरून इंग्रजी सब्जेक्ट ठरवू नका. ‘मला कुंदा (बेळगावची मिठाई) आवडतो’ यात क्रियापद कुंद्यामागे जातं, पण इंग्रजीत ‘आय लाईक कुंदा’ असंच म्हणावं लागतं. तिथे सब्जेक्ट ‘आय’.

दुसरी सवय क्रियापद गाळण्याची. ‘हे आमचं घर’ हे मराठीत पुरं वाक्य आहे, ‘इदु नम्म मने’ हे कन्नडमध्येही. इंग्रजीत ‘इज’ नसेल तर वाक्यच उभं राहत नाही. पाऊस पडतो तेव्हासुद्धा ‘इट इज रेनिंग’ म्हणावं लागतं, कारण सब्जेक्टची जागा रिकामी ठेवता येत नाही.

आता ज्या गोष्टीकडे आपली मुलं सहसा बघत नाहीत ती सांगतो. ‘सीतेने आंबे खाल्ले आहेत’ या वाक्यात मराठी क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, म्हणून उत्तरपत्रिकेत ‘सीता हॅव ईटन द मँगोज’ असं येतं. तेच वाक्य कन्नडमध्ये बोलून बघा: ‘सीते माविनहण्णु तिंदिद्दाळे’. इथे क्रियापद सीतेला धरून आहे, इंग्रजीतल्या ‘हॅज’सारखंच. अशा वेळी मनात मराठीऐवजी कन्नड वाक्य आणा. रस्त्यावर, बसमध्ये कानावर पडलेलं कन्नड इथे शिकवणीइतकं उपयोगी पडतं. सीमाभागातल्या मुलाजवळची ही मोठी शिदोरी आहे आणि ती वापरली जात नाही याची मला मनापासून खंत वाटते.

वाक्य सोडवताना डावीकडून एकेका शब्दाला नाव देत जाऊ नका. आधी काळ दाखवणारं क्रियापद शोधा, मग ते काय मागतं ते विचारा. ‘स्लेप्ट’ काही मागत नाही. ‘मेट’ला कुणीतरी लागतं. ‘गेव्ह’ला बहुधा दोन लागतात: ‘आजी गेव्ह मी कुंदा’. ‘पुट’ला वस्तू आणि जागा दोन्ही हवीत, ‘शी पुट द बॅग’ म्हणून थांबलात तर ऐकणारा ‘कुठे?’ म्हणून वाट बघत राहतो. व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीच्या १९८५च्या व्याकरणात वाक्याचे ७ मूळ साचे मांडले, ते क्रियापदाच्या या मागणीवरच.

सगळ्यात जास्त गोंधळ ऑब्जेक्ट आणि कॉम्प्लिमेंटचा. ‘शी मेट अ टीचर’मध्ये माणसं दोन आहेत, ‘शी बिकेम अ टीचर’मध्ये एकच. पहिल्याचं पॅसिव्ह (कर्मणी) होतं, दुसऱ्याचं होत नाही. ‘दे इलेक्टेड हर चेअरपर्सन’ यातही ‘हर’ आणि ‘चेअरपर्सन’ एकच व्यक्ती, म्हणून चेअरपर्सन हे ऑब्जेक्टचं कॉम्प्लिमेंट. ‘आजी गेव्ह मी कुंदा’मध्ये ‘मी’ (मला) आणि ‘कुंदा’ वेगळे, म्हणून तिथे दोन ऑब्जेक्ट.

अ‍ॅडव्हर्बियल खोडून बघावं. ‘शी स्टडीज इंग्लिश इन बेळगाव’मधून ‘इन बेळगाव’ काढलं तरी वाक्य उभं राहतं. ‘शी लिव्ह्ज इन खानापूर’मधून ‘इन खानापूर’ काढलं तर ‘राहते’ हा अर्थच उरत नाही, म्हणजे इथे तो घटक साच्याचाच भाग आहे. परीक्षेत उत्तर लिहिताना ही खोडून बघितल्याची खूण एका ओळीत नोंदवा.