एचबेसमध्ये रो की कशी ठरवायची, आणि टेबल स्लो झालं तर आधी काय बघायचं

एचबेस म्हणजे प्रचंड डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवणारा डेटाबेस. त्याचं टेबल स्लो झालं की लोक आधी हीप (सर्व्हर प्रोग्रॅमची मेमरी) वाढवतात, मग मशीन वाढवतात, आणि तरी फरक पडत नाही कारण घोळ बऱ्याचदा रो कीमध्येच (प्रत्येक रोची ओळख ठरवणारी की) असतो. म्हणून आधी मास्टरचा (सगळे सर्व्हर सांभाळणारा मुख्य सर्व्हर) वेब यूआय उघडा, डिफॉल्ट पोर्ट १६०१०, आणि त्या टेबलच्या पानावर रीजननुसार (टेबलच्या तुकड्यांनुसार) रिक्वेस्ट बघा. एकाच रीजनचा आकडा पळतोय आणि बाकीचे ढिम्म, तर हॉटस्पॉट झालाय.

होतं काय, की एचबेस सगळ्या रो बाइट्सच्या क्रमाने लावून ठेवतं आणि त्या रांगेचे तुकडे म्हणजे रीजन. की टाइमस्टॅम्पने सुरू केली तर नवा रेकॉर्ड कायम रांगेच्या शेपटालाच जाणार, म्हणजे सगळे राइट एकाच सर्व्हरच्या डोक्यावर.

समजा विजेच्या मीटरची रीडिंग साठवायचीत. पेन उचलण्याआधी एकच विचारा, वाचणार कसं? समजा उत्तर आलं, 'या मीटरची ताजी रीडिंग'. मग की अशी: १ बाइट सॉल्ट (राइट वेगवेगळ्या रीजनमध्ये पसरवायला पुढे लावलेला आकडा), ४ बाइट मीटर नंबर, ८ बाइट उलटा टाइमस्टॅम्प, एकूण १३ बाइट. उलटा म्हणजे लाँगच्या सगळ्यात मोठ्या व्हॅल्यूतून टाइमस्टॅम्प वजा करायचा, की नवीन रीडिंग आपोआप वर येतं, स्कॅन सुरू केला की पहिलीच रो ताजी. नंबर टेक्स्ट म्हणून ठेवणार असाल तर पुढे शून्य भरा, नाहीतर १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

सॉल्ट रँडम घेऊ नका प्लीज. मी एकदा घेतला होता, राइट मस्त पळाले पण एका मीटरचं रीडिंग काढायला १६ बकेटमध्ये (एका सॉल्टच्या सगळ्या रो म्हणजे एक बकेट) १६ स्कॅन मारावे लागले. मीटर नंबरचा हॅश काढून त्याला १६ ने भागून जी बाकी उरते तो सॉल्ट, म्हणजे एक मीटर कायम एकाच बकेटमध्ये सापडतो. पण सगळ्या मीटरची कालची रीडिंग हवी असेल तर ही की कामाची नाही, त्यासाठी वेगळं टेबल करा.

आणि हे बरेच जण विसरतात, नवीन टेबल प्री-स्प्लिट केलं नाही, म्हणजे आधीच रीजनमध्ये तोडलं नाही, तर सुरुवातीला रीजन एकच असतो, मग सॉल्ट कितीही चांगला असू दे, सगळं तिथेच जाणार. टेबल बनवतानाच सॉल्टच्या बाइटचे १ ते १५ हे स्प्लिट पॉइंट द्या, १६ रीजन तयार.

की आखूड ठेवा, कारण ती प्रत्येक सेलसोबत पुन्हा लिहिली जाते, कॉलम फॅमिलीचं (एकत्र साठवलेल्या कॉलमचा गट) नावपण. फॅमिली एकच, नाव एका अक्षराचं. त्यावर फास्ट-डिफ एन्कोडिंग (शेजारच्या कीमधला सारखा भाग पुन्हा न लिहिणारं) आणि स्नॅपी कॉम्प्रेशन लावा, मग ब्लॉक कॅशकडे (वाचलेला डेटा मेमरीत ठेवणारी कॅश) वळा. की मात्र नंतर बदलता येत नाही, बदलायची म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहायचं, म्हणून खरा डेटा भरायच्या आधी थोडा नमुना टाकून तो रिक्वेस्टचा आकडा एकदा बघाच.