स्टेशनांची अंताक्षरी: आधी 'रोड'चा निकाल लावा

'दादर' म्हटलं की पुढच्याने 'रोहा' म्हणायचं, त्याच्या पुढच्याने 'हडपसर'. खेळ एवढाच. काना-मात्रा सोडायच्या, जोडाक्षरातलं शेवटचं अक्षर धरायचं (वांद्रे म्हणजे र, कुर्ला म्हणजे ल), एकदा आलेलं स्टेशन पुन्हा चालणार नाही, आणि दहा मोजेपर्यंत सुचलं नाही तर बाद. चिठ्ठ्या, गुणतक्ते, मोबाइलवरचा टायमर असल्या भानगडीत पडू नका. तोवर गाडी पनवेलला पोचते.

हद्द महाराष्ट्र आणि गोव्यापुरती ठेवा. 'अख्खा भारत चालेल' असं म्हणणारा हमखास नसलेलं स्टेशन ठोकून देतो.

आता खरी अडचण. आमचा पहिला डाव पाच मिनिटांत बोंबलला तो 'ड'मुळे. भाच्याने मीरा रोड म्हटलं, मी डॉकयार्ड रोड, ताईने डहाणू रोड, भाच्याने डोंबिवली. मग वसई रोड, ग्रँट रोड, नाशिक रोड असं काहीही आलं तरी पुन्हा ड, आणि ड संपलेला. लोकलच्या नकाशावर ड वरून चारच: डोंबिवली, डॉकयार्ड रोड, डहाणू रोड आणि कर्जत-खोपोली मार्गावरची डोलवली. वर मुलुंड, मालाड, शहाड, दौंड, मनमाड, निफाड आहेतच ड घेऊन उभे.

म्हणून माझा नियम ठाम आहे: 'रोड', 'जंक्शन', 'टर्मिनस' ही शेपटं कापायची. नाशिक रोडचा क, ग्रँट रोडचा ट, चर्नी रोडचा न. 'पाटीवर आहे ते पूर्ण धरा' असं सांगणारे लोक हा खेळ कधी दहा मिनिटांच्या वर खेळलेले नसतात. शेपूट कापल्यावर रे रोडचा नुसता 'रे' उरतो. र वर रे, आणि परत र! हा हुकमाचा पत्ता आहे, पहिल्या फेरीत उडवू नका. डॉकयार्ड कापूनही ड च देतो, तोही तसाच जपून ठेवा.

दुसरी गाठ ण आणि ळ ची. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती थेट ठाण्याला, म्हणजे ण वरच जाऊन थांबली. पुणे, कल्याण, चिपळूण, सगळे त्याच माळेचे. यावर काही जण 'आधीचं अक्षर घ्या' म्हणतात. अजिबात घेऊ नका. कल्याणचा य, पुण्याचा प, मग भुसावळचा व की ळ, असा घोळ होतो आणि लहान मुलं रडतात. ण चा न करायचा, ळ चा ल. न वरून नाहूर, निळजे, नांदगाव, नागपूर अशी रांग आहे. ल मात्र कंजूष. लोणंद, लासलगाव, लातूर, लौजी पाठ ठेवा. लोणावळा आणि लोअर परळ राखून ठेवा, कारण ते समोरच्याला पुन्हा ल च देतात.

नावावरून वाद झाला तर पिवळ्या पाटीवरचं मराठी नाव शेवटचं. सायन नाही, शीव. आणि आजचं नाव. एल्फिन्स्टन रोड २०१८ पासून प्रभादेवी आहे, आजोबांनी कितीही आवाज चढवला तरी.

बाकी दोन कोपरे राहतात. अंबरनाथच्या थ ला गोव्यातली थिवी, आणि सांताक्रूझच्या झ ला कुडाळ-सावंतवाडीच्या मधलं झाराप. मला याशिवाय तिसरं काही सापडलेलं नाही. माझी भाची नवा भिडू दिसला की पहिली पाळी मागून घेते, 'सांताक्रूझ' म्हणते आणि खिडकीबाहेर बघत सावकाश दहा मोजायला लागते.