मुलं, मांजर, कुत्रा आणि कुंड्या: घरातल्या विषारी झाडांचं काय करायचं

अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. फतफत्यात चिंच किंवा आमसूल पडतं ते त्यासाठीच. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया जुड्या बांधल्यासारख्या भरलेल्या असतात. कच्चं पान चावलं की त्या जिभेत आणि गालाच्या आतल्या बाजूला रुततात. आता दिवाणखान्यात बघा: डायफेनबॅकिया, मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, पीस लिली, झेडझेड. ही सगळी अळूच्याच कुळातली.

म्हणून झाड विषारी आहे का, एवढं विचारून भागत नाही. खाल्लं तर ते काय करतं, हे माहीत हवं. काही झाडं तोंड पोळतात, रडवतात आणि काही तासांत सोडून देतात. काही झाडं सुरुवातीला फारसं काही दाखवत नाहीत आणि नंतर हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड गाठतात. घोटाळा होतो तो इथेच. मनी प्लांटचं पान चघळलं की घर डोक्यावर घेतात आणि बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, बी खाल्लेलं पोर एकदा उलटी करून खेळायला लागलं की "आता बरं वाटतंय" म्हणून घरीच थांबतात.

तोंड पोळणारी झाडं

डायफेनबॅकिया यातलं सगळ्यात त्रासदायक. रसाळ खोड, रुंद ठिपकेदार पानं, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताशी येणारी कुंडी. पान चावताक्षणी आग होते, लाळ गळते, मूल जीभ बाहेर काढून रडतं. मांजर किंवा कुत्रा पंजाने तोंड घासायला लागतो. पहिल्या चाव्यालाच इतकं झोंबतं, की सहसा फारसं पोटात जात नाही.

उरलेला तुकडा बोटाने काढा, ओल्या फडक्याने जीभ आणि हिरड्या पुसा, हात धुवा. मग दोन-चार चमचे थंड दूध किंवा दही द्या. चूळ भरता येण्याइतकं मोठं मूल असेल तर थंड पाण्याने चुळा भरायला लावा. ओठ-जीभ सुजत चालली, आवाज घोगरा झाला, थुंकी गिळता येईना किंवा श्वासाला आवाज येऊ लागला, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. ही सूज घशाकडे उतरली तर श्वास अडवते.

ही झाडं टाकूनच द्या असं नाही. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत ती दीड मीटरच्या वर ठेवा, शेजारी खुर्ची किंवा स्टूल नको. मनी प्लांटचे खाली लोंबणारे वेल कापत राहा, कारण मूल कुंडीपर्यंत पोचत नसलं तरी वेल त्याच्यापर्यंत पोचतो. डायफेनबॅकिया मात्र या काळात एखाद्या नातेवाइकाकडे पाठवून दिलेलं बरं.

जीवावर बेतणारी झाडं

इथे जरा थांबून वाचा. यातली बरीचशी नर्सरीतून हौसेने आणलेली नसतात. ती कुंपणाला, देवळामागे, सोसायटीच्या कडेला असतात, किंवा पूजेच्या परडीतून घरात येतात.

कण्हेर: लाल, गुलाबी, पांढरी, सगळ्या सारख्याच. पान, फूल, साल, मूळ, सगळं विषारी, आणि वाळलं तरी विष जात नाही. त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. आधी मळमळ आणि उलट्या, मग नाडी मंद आणि अनियमित. उलटी झाली म्हणजे विष निघून गेलं असं धरू नका. ईसीजी काढून दवाखान्यात देखरेखीखाली ठेवणं हाच सुरक्षित मार्ग. देवाला कण्हेर वाहत असाल तर परडी उंचावर ठेवा आणि निर्माल्य जमिनीवरच्या पिशवीत रात्रभर ठेवू नका. कुंडीत दिसणारं, जाड बुंध्याचं अडेनियम याच जातकुळीतलं आहे. बोन्सायसारखं दिसतं म्हणून ते हमखास टीपॉयवर येऊन बसतं.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर: मुलांच्या दृष्टीने ही कण्हेरीहूनही वाईट, कारण तिला फळ लागतं. फळ हिरवं, गुळगुळीत, मधोमध कंगोरा असलेलं. पिकलं की काळं पडतं. आत कडक तिकोनी आठळी. या आठळ्यांनी, म्हणजे बिट्ट्यांनी, मुलं पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली. कवच टणक आहे तोवर ठीक, पण कुणीतरी एक दिवस दगडाने ती फोडतं. आत पांढुरका गर निघतो आणि तो खाण्यासारखा दिसतो. विष सगळ्यात जास्त त्यातच. झाड तुमच्या आवारात असेल तर फळं हिरवी असतानाच काढून टाका, आणि पडलेली दर आठवड्याला वेचा.

चंद्रज्योत, काही भागांत मोगली एरंड: शेताच्या आणि शाळेच्या कुंपणाला लावतात, कारण जनावरं तिला तोंड लावत नाहीत. बी सोलली की चव शेंगदाण्यासारखी, म्हणून मुलं एक नाही, मूठभर खातात, आणि एकटं नाही, पाच-सहा जण मिळून. साधारण तासाभरात उलट्या सुरू होतात, मग जुलाब, पोटात मुरडा. लहान मूल यात झपाट्याने कोरडं पडतं. एका मुलाला त्रास झाला तर त्याच्यासोबत कोण कोण होतं हे लगेच विचारा, आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही दवाखान्यात न्या.

गुंज: लाल, काळ्या टिकलीची, सोनाराच्या तराजूतली. एक गुंज जेमतेम ०.१२ ग्रॅम. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. चावली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली, तर आतलं विष मोकळं होतं. गुंजांच्या माळा, ब्रेसलेट आणि शोभेच्या बाटल्या लहान मुलांच्या घरात नकोतच. त्रास सुरू व्हायला काही तासांपासून दोन-तीन दिवसही लागू शकतात, म्हणून लक्षणं दिसायची वाट न बघता जायचं. एरंडाच्या बियांना हेच लागू.

धोतरा: महाशिवरात्रीला काटेरी फळ घरात येतं, फुटलं की शेकडो चपट्या बिया सांडतात. तोंड कोरडं, त्वचा लाल आणि गरम, बाहुल्या मोठ्या, आणि मूल असंबद्ध बोलू लागतं, नसलेल्या वस्तू धरायला हात पुढे करतं. याला ताप डोक्यात गेला असं समजून वेळ घालवू नका.

कळलावी: लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल, पावसाळ्यात कुंपणावर चढणारा वेल. तिचा कंद रताळ्यासारखा वाटतो आणि तोच सर्वांत घातक. बागेत खणताना अनोळखी कंद निघाला तर तो स्वयंपाकघराकडे न्यायचा नाही, इतका नियम पाळला तरी पुष्कळ.

चीक आणि डोळे

रुई, शेर, काटेरी युफोर्बिया. यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला की बुबुळाला इजा होते, आणि रुईच्या चिकाचा घोळ असा की सुरुवातीला फारसं दुखतही नाही. शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ घरी ओवत असाल तर पानं तोडल्यावर चीक गळून सुकू द्या, मुलांना शेजारी बसवू नका आणि हात साबणाने धुवून मगच त्यांना जवळ घ्या. डोळ्यात गेलाच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा, घड्याळ लावून. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मांजर आणि कुत्रा: त्यांचे धोके वेगळे

मांजरासाठी सर्वांत घातक गोष्ट बहुधा भेट म्हणून घरात येते: पुष्पगुच्छातली मोठी, सुवासिक लिली. एशियाटिक, ओरिएंटल आणि डे लिली, तिन्ही. पान कुरतडलं, अंगाला लागलेले पराग चाटले, एवढंच काय, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पहिल्या काही तासांत उलट्या, सुस्ती, खाणं बंद. मग एक ते तीन दिवसांत लघवीच थांबते. उपचार म्हणजे सलाईन, आणि ते लवकर सुरू झालं तरच उपयोग. मांजर कपाटावरही चढतं, त्यामुळे उंचावर ठेवण्याचा उपाय इथे चालत नाही. लिली घरात आणायचीच नाही. नर्सरीत "लिली" या नावाखाली बरंच काही विकतात. पीस लिली अळूच्या कुळातली, ती तोंड पोळते पण मूत्रपिंडाला हात लावत नाही. रेन लिली आणि स्पायडर लिलीचे कांदे उलट्या करवतात.

कुत्र्यासाठी सायकस. बंगल्यांच्या दारात दोन्ही बाजूंना असतो तो, पामसारखा दिसणारा. बिया सर्वांत विषारी, पण पानं आणि बुंधाही सुरक्षित नाहीत. आधी उलट्या, दोन-तीन दिवसांनी यकृत जातं. मादी झाडाच्या मध्यभागी नारिंगी बिया धरल्या की त्या हातमोजे घालून काढून टाका. कुंडीत बोनमील, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचं खत, मिसळलं तर कुत्रा माती उकरतो आणि तिच्यासोबत मुळं, कांदे, जे असेल ते खातो, म्हणून अशा घरात बोनमील नको.

मांजराला हिरवं चघळायची सवय असतेच. तिला तिचं गवत द्या. घटस्थापनेला पेरतो तसे गहू पसरट कुंडीत दाट पेरा. आठवड्याभरात बोटभर वाढतात. दर १०-१२ दिवसांनी नवी कुंडी लावली की इतर झाडांकडचं लक्ष कमी होतं.

एका दुपारी करायचं काम

घरातल्या, गॅलरीतल्या आणि आवारातल्या प्रत्येक झाडाचा फोटो काढा, पान जवळून आणि अख्खं झाड. नाव माहीत नसेल तर नर्सरीवाल्याला विचारा, पण त्याच्याकडचं "फॅन्सी क्रोटन" सारखं नाव पुरत नाही. शास्त्रीय नाव शोधून पेनाने कुंडीच्या तळाशी लिहा. दवाखान्यातून फोनवर "कुठलं झाड?" असं विचारलं जातं तेव्हा हे एक नाव फार वेळ वाचवतं.

मग जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून खोली बघा. गळलेली पानं, सोफ्यामागे पडलेल्या बिया, कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं खताचं पाणी उभ्याने दिसत नाही. कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं असेल तर आजच फेका. त्याचा धोका या यादीतल्या बहुतेक झाडांपेक्षा मोठा आहे.

छाटणी करताना हातमोजे, लांब बाह्या, आणि मुलं-प्राणी घरात. कण्हेरीच्या फांद्या शेकोटीत किंवा चुलीत घालू नका, धूरही त्रास देतो. त्या कुंपणापलीकडे टाकू नका. शेळ्या-गाई वाळलेली पानं खातात आणि मरतात.

तीन वर्षांखालच्या मुलाला समजावण्याचा उपयोग नाही, त्याच्यापासून वस्तू दूर ठेवायची. त्यापुढे एकच नियम: विचारल्याशिवाय झाडाचं काही तोंडात घालायचं नाही, खोटं खोटंसुद्धा नाही. हे "खोटं खोटं" महत्त्वाचं, कारण भातुकलीत पानांची भाजी आणि बियांचा भात होतो. भातुकलीसाठी जास्वंद, तुळस, मोगरा, स्पायडर प्लांट, अरेका पाम असा वेगळा कोपरा करा.

खाल्लंच तर

तोंडातलं काढा, पण फेकू नका; पिशवीत ठेवा, सोबत त्या झाडाची पान-फूल-फळासकट डहाळी. वेळ लिहून ठेवा. उलटी करवू नका. मिठाचं पाणी तर अजिबात नाही: लहान मुलाच्या रक्तातलं मीठ त्याने इतकं वाढू शकतं, की झाडाच्या विषापेक्षा तेच जीव घेईल. तूप, हळद-दूध, लिंबू यांचा काही उपयोग नाही. मूल झोपाळलेलं असेल तर तोंडाने काहीच देऊ नका, कुशीवर झोपवा.

रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं: १८०० ११६ ११७. सांगायचं ते असं: मुलाचं वय आणि वजन, झाडाचं नाव, कोणता भाग, किती, चावला की गिळला, किती वाजता, आता काय होतंय. कण्हेर, बिट्टी, गुंज, एरंड, चंद्रज्योत, धोतरा, कळलावी यांपैकी काही असेल तर आधी दवाखान्याच्या वाटेला लागा आणि फोन गाडीतून करा.

प्राण्यांसाठी रात्री उघडा असणारा पशुवैद्य आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी करवा, असा सल्ला इंटरनेटवर फिरतो. डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय ते करू नका, आणि मांजराला तर कधीच नाही; त्याने पोटाच्या आत जखमा होतात.