शेंगदाण्याचा अमलू, सोलापुरी सामानात

आमच्याकडं सोलापुरात शेंगदाणा म्हटलं की चटणीच, भाकरीसोबत. पण मोरोक्कोतल्या बर्बर समाजातल्या बायका नाश्त्याला अमलू, म्हणजे भाकरीला लावून खायचं गोड वाटण, करतात, तोही याच शेंगदाण्यात जमतो. (बर्बर हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव, ती माणसं स्वतःला अमाझिग म्हणजे स्वतंत्र माणसं म्हणवतात.)

मूळ अमलू म्हणजे भाजलेले बदाम, आर्गन तेल आणि मध. स्वस्तात हवा तर तिथंही शेंगदाणेच घालतात. आर्गनची झाडं मुख्यतः अगादीर-एस्सौइराच्या पट्ट्यात, आणि तेल काढणं हे बायकांचंच काम, आईकडनं लेकीकडं आलेलं, 2014 ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. दगडावर बी ठेवून दुसऱ्या दगडानं फोडायची, आतला गर भाजायचा, जात्यावर दळायचा, मग कोमट पाणी शिंपडत तो लगदा तेल सुटेपर्यंत मळत बसायचं, उरलेली पेंड जनावरांना. जातं अगदी आपल्यासारखंच बगा, आणि तिथल्या जुन्या बायकांच्या हनुवटीवर गोंदणसुद्धा, माझ्या आज्जीला होतं तसं. गर न भाजता काढलेलं तेल केसाला न् तोंडाला, भाजलेलं खायला. म्हणून पार्लरवाली आर्गनची बाटली यात ओतू नका हं, ती खायची नसते! आपण घाण्याचं शेंगदाणा तेल घेऊ, चव वेगळी येते पण वाईट नाही.

एक वाटी शेंगदाणे मंद गॅसवर भाजा, चटणीला भाजता त्यापेक्षा थोडे जास्त, पण काळे डाग नकोत. सालं पाखडून काढा. अर्धी वाटी बदाम सालासकट भाजून घ्या. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला थांबत थांबत फिरवा, आधी कूट होतो, मग गोळा, मग अचानक सैल पडतो, तिथपर्यंत धीर धरा. भांडं कोरडं ठक्क पाहिजे. चिमूटभर मीठ, मग पाव वाटी तेल धारेनं.

मध सगळ्यात शेवटी, दोन मोठे चमचे, आणि मिक्सरमध्ये नाही, चमच्यानं हलवत थोडा थोडा. मी पहिल्यांदा सगळा एकदम ओतला आणि फिरवलं तर असला घट्ट गोळा झाला की पातं अडकलं, सासूबाई म्हणल्या, "लाडूच वळ आता." वळले, काय करणार! तसं झालं तर कोमट तेल घालून सैल करता येतं, हे मला नंतर कळलं.

चमच्यावरनं सावकाश ओघळला पाहिजे. बरणीत तेल वर येतं, हलवून घ्यायचं. गरम भाकरी मोडून बुडवून खा, कडक भाकरीबरोबर नको, मजा येत नाही.

मोरोक्कोत 2023 मध्ये अमाझिग नववर्षाला सरकारी सुट्टी जाहीर झाली, ते येतं 14 जानेवारीला, म्हणजे इकडं ऐन गड्ड्याची, आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी असते तेव्हाच. त्या दिवशी तिकडं जाड लापशीत खजुराची बी लपवतात, जिच्या घासात येईल तिचं वर्ष चांगलं. आम्ही संक्रांतीला करून बघितलं, लापशीच्या मधोमध अमलू घालून. फक्त पोरांना आधी सांगून ठेवा, दाताखाली आली की रडतात.