बंद घराचा वीजमीटर काढताय? या चुका टाळा

गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडणारी घरं कोकणात वाडीवाडीला आहेत. तीही उघडेनाशी झाली की कुणीतरी म्हणतं, निदान मीटर तरी काढून टाकू. मग अर्ज घेऊन महावितरणच्या कार्यालयात गेलं की काही हजारांचा आकडा समोर येतो आणि चाकरमानी तिथेच तापतो, ‘वीज जाळली नाही, मग तोडायचे एवढे पैसे कसले?’

पहिली चूक इथेच होते. एकूण रकमेवर भांडू नका, तिची फोड मागा. त्या आकड्यात बहुधा चार गोष्टी मिसळलेल्या असतात: महिन्याचा स्थिर आकार, दाराला कुलूप म्हणून लावलेली सरासरी युनिटं, थकबाकीवरचं व्याज, आणि मीटर जळाला किंवा गहाळ असेल तर त्याची किंमत. स्थिर आकार वापर शून्य असला तरी लागतो, त्यावर वाद घालून हाती काही लागत नाही. सरासरीच्या युनिटांवर मात्र जरूर भांडा. उरलेली जी रक्कम निव्वळ ‘तोडणी’ म्हणून दाखवली असेल, ती वीज नियामक आयोगाने मंजूर केलेल्या आकारपत्रकात कुठे आहे, ते लेखी विचारा. मंजूर दरापेक्षा जास्त घेतलेली रक्कम व्याजासह परत मागता येते, वीज कायदा २००३ च्या कलम ६२(६) मध्ये तशी तरतूद आहे.

दुसरी चूक गावाकडची खास. ओळखीच्या वायरमनला सांगून खांबावरून वायर सोडवून घेतली की काम झालं असं वाटतं. झालेलं काहीच नसतं. संगणकावर तुमची जोडणी चालूच, बिल दर महिन्याला निघतच राहतं. ‘मीटर पीडी करा’ असा, म्हणजे पुरवठा कायमचा बंद करण्याचा, लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. अर्जात एवढं असलं तरी पुरे:

‘माझा ग्राहक क्रमांक अमुक. घर बंद असल्याने वीजपुरवठा कायमस्वरूपी खंडित करावा. मीटर काढल्याच्या तारखेपर्यंतचं अंतिम बिल बाबनिहाय द्यावं आणि सुरक्षा ठेव त्यात वळती करून उरलेली रक्कम परत करावी.’

सुरक्षा ठेवीचं वाक्य लोक हमखास विसरतात. त्या ठेवीवर व्याजही मिळतं.

अर्जाआधी पडवीतल्या मीटरचा फोटो काढा, त्यात मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसायला हवं. पावसाळ्यात वेल चढून, फणसाची फांदी पडून मीटरचं काय होईल सांगता येत नाही, मग ‘मीटर कुणी मोडला’ हा वाद तुमच्याच गळ्यात. मीटर उतरवताना घरचं कुणीतरी हजर असावं, काढल्याच्या अहवालावर शेवटचं रीडिंग लिहून घ्यावं.

मीटर आजोबांच्या नावावर आणि सातबारावर अकरा नावं, हे तर घरोघरी. आधी वारसांची कागदपत्रं आणि भावकीची संमती जमवा, नाहीतर अर्ज अडतो आणि स्थिर आकार चढत राहतो. गणपतीच्या आठवड्यात हे काम उरकू म्हणू नका, सही करणारेही तेव्हा सुट्टीवर किंवा फॉल्टवर असतात. आणि गणपती अजून त्याच घरात बसत असेल तर मीटर काढूच नका. नव्या जोडणीला पुन्हा खर्च आणि पुन्हा तीच अकरा संमतिपत्रं.

बिल भरणंच सोडून दिलं की जोडणी आपोआप सुटेल, हा हिशेबही अंगाशी येतो. ठेव थकबाकीत वळती होते, तरी उरलेली थकबाकी पुढे त्या जागेवर नवी जोडणी मागताना आडवी येते. दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम अचानक बिलात उगवली तर मात्र त्याच वीज कायद्याचं कलम ५६(२) दाखवा. ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल तर वसूल करता येत नाही.

भरल्याशिवाय काम पुढे सरकत नसेल तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं अर्जात लिहून भरा आणि पावती जपा. महावितरणच्या उपविभाग कार्यालयात दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. कोकणासाठी ते कार्यालय मुंबईत आहे, म्हणजे चाकरमान्याला निदान त्या फेरीसाठी रजा टाकून गाव गाठावं लागत नाही.