माशांचे गोळीखाद्य तरंगते की बुडते: शेततळ्यावर करावयाची पारख

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर-शिरोळकडे शेततळ्यांत मासे पाळणाऱ्या अनेकांचा असा समज असतो की तरंगते खाद्य चांगले आणि बुडते खाद्य हलक्या प्रतीचे. हा समज आधी बाजूला ठेवावा, कारण गोळीचे तरंगणे हे तिच्या कसावर नव्हे, तर तिच्या पोटात कोंडलेल्या हवेवर अवलंबून असते.

भडंगाचे चुरमुरे भट्टीत फुलताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच उमगेल. तरंगती गोळी बनवणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रात ओलसर पीठ १२० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, मात्र दाबाखाली असल्याने त्यातील पाणी उकळत नाही. साच्याच्या छिद्रातून ते बाहेर येताच दाब एकदम उतरतो, पाण्याची वाफ होते आणि शिजून चिकट झालेल्या स्टार्चमध्ये तिचे बुडबुडे अडकून राहतात. ब्लेडने गोळी मधोमध कापून पाहिली, तर आत पावासारखी बारीक जाळी दिसते. घरी पेंड आणि कोंडा मळून, शेवयांच्या साच्यातून काढून वाळवलेली गोळी बुडते, कारण तिला असे फुलायला वावच मिळालेला नसतो. यात तिचा काही दोष नाही.

पारख करताना काचेच्या ग्लासात तळ्याचेच पाणी घ्यावे, वीस गोळ्या सोडाव्यात आणि प्रत्येक गोळी बोटाने एकदा पाण्याखाली दाबून सोडावी. बारीक गोळी जड असूनही केवळ पृष्ठताणामुळे वर राहू शकते, म्हणून ही पायरी टाळू नये. त्यानंतर अर्धा तास थांबून वर राहिलेल्या गोळ्या मोजाव्यात. लिटरचे माप सपाट भरून वजन केले तरी अंदाज येतो: तरंगत्या खाद्याचे वजन बहुधा ४८० ग्रॅमच्या आत भरते, तर बुडत्याचे ६०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक. लिटरभर पाण्याचे वजन १००० ग्रॅम असताना लिटरला ६०० ग्रॅम भरणारे खाद्य बुडते कसे, असा प्रश्न पडेल. पण मापात गोळ्यांमधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात, एकेक गोळी मात्र पाण्याहून जडच असते.

निवड माशानुसार करावी. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, तर पंगस व तिलापिया तरंगते खाद्य सहज उचलतात. तरंगत्या खाद्याचा मोठा फायदा म्हणजे मासे किती खातात हे डोळ्यांना दिसते आणि उरलेले दिसताच हात आखडता घेता येतो. वाऱ्याने ते काठाला लागून कुजते, हे मी पहिल्याच वर्षी अनुभवले. तेव्हापासून मी पीव्हीसी पाइपची बंद चौकट पाण्यावर सोडून तिच्या आतच खाद्य टाकतो. बुडते खाद्य दोरीने सोडलेल्या ताटलीत ठेवावे आणि तासाभराने ताटली वर ओढून किती उरले ते पाहावे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पोते भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावे. बुरशीचा वास आलेले खाद्य तरंगत असले तरी माशांना घालू नये.